मागील दाराचे मानकरी

गेल्या हिवाळ्यात आमच्या पेठच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी धावण्याच्या शर्यतीसाठी नाशिकास जाऊन आला. परतल्यावर तास संपताच तो माझ्यापाशी थांबला व म्हणाला, “सर, नाशकात एका मैदानाला सारे लोक गोल्फ क्लब म्हणतात. तेथे क्रिकेट चालते, सभा होतात, सकाळी वृद्ध माणसे फेऱ्या मारतात. गोल्फ मात्र कोणी खेळताना दिसले नाही. मग हे नाव कोठून आले?”

मी त्यास थोडक्यात सांगितले की, इंग्रजी अमदानीत नाशिकास गोऱ्या अधिकाऱ्यांचा गोल्फचा क्लब होता. क्लब गेला, साहेब गेले, नाव तेवढे मातीला चिकटून राहिले. सरकारदप्तरी त्या मैदानास आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. एवढ्यावर त्याचे समाधान होईल, अशी माझी अपेक्षा होती. परंतु तो क्षणभर थांबून म्हणाला, “आणि सर, त्या साहेबांच्या काठ्या कोण वाहत होते?”

ज्याचे आईवडील दरवर्षी नागलीची कापणी आटोपली की सावळ घाट ओलांडून द्राक्षांच्या बागांतून मजुरीस जातात, त्या मुलास हाच प्रश्न आधी सुचावा यात नवल नाही. नवल वाटले ते माझेच. इतिहास शिकविण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. त्या मैदानाजवळून मी शेकडो वेळा गेलो असेन. परंतु हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खेळणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. काठ्या वाहणाऱ्यांचा व मैदान झाडणाऱ्यांचा सहसा लिहिला जात नाही. तथापि अशा दोन पोरांचा इतिहास लिहिला गेला आहे, कारण त्यांनी तो मैदानावर स्वतःच्या हातांनी घडविला. एक इंग्लंडातील, दुसरा आपल्या पुण्याचा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने एक ग्रीक व एक रोमन अशी चरित्रांची जोडी लावून दोघांचीही पारख केली. त्याच धर्तीवर ही जोडी वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

यांतील पहिला जॉन हेन्री टेलर. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात नॉर्थम नावाचे खेडे आहे. तेथे १९ मार्च १८७१ रोजी एका मजुराच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप लवकर वारला आणि घराचा भार आईवर पडला. या खेड्यालगत समुद्राच्या काठी एक विस्तीर्ण गायरान आहे. तेथे गावकऱ्यांचा गुरेमेंढरे चारण्याचा हक्क पूर्वापार चालत आलेला. १८६४ मध्ये याच गायरानावर सभ्य गृहस्थांनी गोल्फचा क्लब काढला. शेजारी वसलेल्या नव्या वस्तीस चार्ल्स किंग्जलीच्या १८५५ सालच्या कादंबरीवरून ‘वेस्टवर्ड हो’ असे नाव पडले होते. मेंढ्या चरत असत आणि त्यांच्यामधूनच साहेब लोक चेंडू मारीत फिरत असत.

गोल्फशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावयास हवेत. कोसभर पसरलेल्या कुरणावर अठरा ठिकाणी लहान खळगे केलेले असतात. काठीने चेंडू टोलवीत क्रमाने प्रत्येक खळग्यात घालावयाचा. ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकला. प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग भिडत नाही. झगडा असतो तो वाऱ्याशी, वाळूशी आणि स्वतःच्या मनाशी. काठ्या अनेक प्रकारच्या लागतात आणि साहेबाने त्या स्वतः वाहावयाच्या नसतात. त्यासाठी एक पोर सोबत असे. त्यास कॅडी म्हणत.

टेलर अकराव्या वर्षी शाळेतून निघाला व कॅडी झाला. गावातील हचिन्सन या प्रतिष्ठित घराण्यात तो घरगड्याचे कामही करी. याच घराण्यातील होरेस हचिन्सन पुढे १८८६ व १८८७ अशी दोन वर्षे हौशी खेळाडूंचा विजेता झाला. ज्या घरातील बूट पुसावयाचे, त्याच घरच्या धन्याचा खेळ पाहून काठी धरण्यास शिकावयाचे, असे ते शिक्षण होते. मधल्या काळात त्याने गवंड्याच्या हाताखाली मजुरी केली. सैन्यात शिरण्याची खटपट केली, परंतु दृष्टी अधू म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. अखेर सतराव्या वर्षी तो त्याच गायरानावर मैदानाची निगा राखणाऱ्या नोकरांत दाखल झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्लब जरी सभ्य गृहस्थांचा असला तरी भूमी गावाची होती. त्यामुळे गावच्या कष्टकऱ्यांना त्या कुरणावरून कोणी हाकलू शकत नव्हते. १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा निराळा गोल्फ क्लब काढला आणि टेलर त्यात खेळू लागला. त्यामुळे तो केवळ नोकर म्हणून वाढला नाही. सवंगड्यांच्या बरोबरीने, आपल्या हक्काच्या मातीवर, खेळाडू म्हणून वाढला.

एकोणिसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. व्यावसायिक याचा अर्थ त्या काळी आज वाटतो तसा वैभवाचा नव्हता. क्लबने तुटपुंज्या पगारावर ठेवलेला तो एक कारागीर असे. त्याने सभासदांना खेळ शिकवावा, त्यांच्या काठ्या दुरुस्त कराव्यात, एका खोपटात चेंडू-काठ्यांचे दुकान चालवून आपले पोट भरावे, आणि बोलावणे आल्यास सभासदाबरोबर खेळावे. क्लबच्या इमारतीत त्यास प्रवेश नसे. काम पडल्यास मागील दाराने जावयाचे. छापील यादीत हौशी खेळाडूच्या नावामागे ‘मिस्टर’ लागे; व्यावसायिकाचे नुसते आडनाव. खेळात तो कितीही श्रेष्ठ असो, माणूस म्हणून त्याची पायरी कोणती हे त्या एका शब्दाच्या अभावाने सर्वांस कळे.

१८९४ मध्ये ब्रिटनची मुख्य खुली स्पर्धा प्रथमच स्कॉटलंडच्या बाहेर, इंग्लंडात सँडविच येथे भरली. तेवीस वर्षांच्या टेलरने ती जिंकली. त्यापूर्वी दोघा इंग्रजांनी हा मान मिळविला होता, परंतु ते हौशी गृहस्थ होते. इंग्रज व्यावसायिकाने ती जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. टेलरची ख्याती अचूकतेबद्दल होती. दिशा दाखविण्यासाठी उभारलेल्या खांबांवर आपलाच चेंडू आदळेल, म्हणून ते काढून टाकण्यास त्याने सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडात, गोल्फची पंढरी जे सेंट अँड्र्यूज, तेथे जाऊन त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली. १९०० मध्ये तेथेच तिसऱ्यांदा जिंकली, आणि तीही हॅरी व्हार्डनसारख्या प्रतिस्पर्ध्यास आठ टोल्यांनी मागे टाकून. चौथा विजय डील येथे १९०९ च्या जून महिन्यातील. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या करमणुकीच्या मैदानास आज त्याच कान्हेऱ्यांचे नाव आहे. इतिहासाचे हे फेरे मोठे विलक्षण खरे!

पाचवा विजय १९१३ चा, हॉयलेकचा. टेलर त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होता. पात्रतेच्या फेरीतच तो बाद व्हावयाचा. शेवटच्या खळग्यावर एक अवघड टोला साधला म्हणून निभावला. मुख्य स्पर्धेत वादळ सुटले. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, पाय मातीत घट्ट रोवून, लहानपणच्या गायरानावरील वारा जणू पुन्हा भेटला आहे अशा थाटात तो खेळला आणि आठ टोल्यांच्या फरकाने जिंकला. टेलर, जर्सी बेटावरील व्हार्डन आणि स्कॉटलंडचा जेम्स ब्रेड या त्रयीने १८९४ ते १९१४ या एकवीस वर्षांत सोळा वेळा ही स्पर्धा आपसांत वाटून घेतली.

परंतु टेलरचे खरे कर्तृत्व मला या पाच विजयांत दिसत नाही. ते १९०१ सालच्या एका घटनेत दिसते. काही क्लबांनी चेंडू-काठ्या विकण्याचा व्यावसायिकांचा जुना हक्क काढून घेण्यास आरंभ केला होता. पगार आधीच तुटपुंजा. दुकान गेले तर चूल विझावयाची. एकेकट्या कारागिराने क्लबपुढे जाऊन विनवण्या करण्यात अर्थ नव्हता. तेव्हा टेलरने पुढाकार घेऊन आपल्या व्यवसायबंधूंना एकत्र केले आणि १९०१ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंचा संघ स्थापन झाला. टेलर त्याचा पहिला अध्यक्ष. अशा प्रकारचा हा जगातील पहिलाच संघ होय. एरवी जे मैदानात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, ते दुकानाच्या व भाकरीच्या प्रश्नावर एका ओळीत उभे राहिले. पुढे १९२१ मध्ये टेलरने कष्टकरी खेळाडूंची संघटना काढण्यास हात दिला, आणि १९२३ मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सामान्य जनतेसाठी गोल्फचे मैदान उघडले त्यामागेही त्याची खटपट होती.

तथापि टेलर बंडखोर नव्हता. तो अदबीने वागणारा, जुन्या वळणाचा मनुष्य होता; पुढील दारावर त्याने कधी लाथ मारली नाही. ती मारली एका अमेरिकनाने. १९२० मध्ये डील येथे वॉल्टर हेगन याने व्यावसायिकांस क्लबची इमारत बंद आहे असे पाहून भाड्याची आलिशान मोटार आणली, ती ऐन इमारतीसमोर उभी केली आणि तिच्यातच तो कपडे बदलू लागला. हेगनची ही ऐट सर्वांच्या स्मरणात राहिली. परंतु मोटारीची ऐट एका उन्हाळ्यापुरती असते, संघ टिकतो. दारे उघडली ती या दोन्ही गोष्टींच्या योगाने, आणि माझ्या मते दुसरीच्या योगाने अधिक. १९५७ मध्ये, ज्या क्लबच्या काठ्या टेलरने पोरपणी वाहिल्या होत्या त्याच क्लबने त्यास आपला अध्यक्ष निवडले. १९६३ मध्ये नॉर्थम येथेच, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. मागील दारापासून अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंतचे अंतर एका मनुष्याच्या एका आयुष्यात कापले गेले.

आता आपल्या देशातील चरित्राकडे वळू. येथे गोल्फ नव्हे, क्रिकेट. परंतु मैदान साहेबांचेच आणि ते झाडणारा पोर आपला. पळवणकर बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. जात चांभार, आडनाव कोकणातील पळवण गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीस असल्याने मुले पुण्यात वाढली. बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, दरमहा तीन रुपयांवर. काम मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे; कोणी सांगितले तर चार चेंडू टाकावयाचे. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये पगार. जाळ्या उभारणे, खेळपट्टी आखणे आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला.

त्या साहेबांत जे. जी. ग्रेग हा उत्तम फलंदाज होता. बाळूंनी आपणांस बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे द्यावयाचे, असा त्याने करार केला होता अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, डावखुऱ्या संथ गोलंदाजीतील बाळूंचे कसब या सरावातून सिद्ध झाले. ग्रेगसारख्यांना त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. परंतु फलंदाजी करावयाची संधी त्यांस कधी मिळाली नाही. बॅट हे धन्याचे हत्यार, चेंडू चाकराचे. गोल्फमध्ये काठी फिरविणारा व काठ्या वाहणारा यांत जो भेद, तोच येथेही होता.

पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांचा पराभव करावयाचा होता आणि पुण्यातील सर्वोत्तम गोलंदाज साहेबांच्या मैदानावर रूळ फिरवीत होता. त्यास घ्यावे की न घ्यावे यावर बराच खल झाला. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली आणि बाळू संघात आले. परंतु ते मैदानापुरतेच. चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हिलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या पेल्यातून मिळे. जेवण निराळ्या टेबलावर. तोंड धुवावयाचे असल्यास एखाद्या अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात येऊन पाणी घालावयाचे. बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. त्यांनी ओठ लावलेला पेला मात्र कोणास चालत नसे!

साताऱ्याच्या गोऱ्या संघाचा पराभव करून हिंदू संघ परतला तेव्हा बाळूंचा मोठा सत्कार झाला. ज्याच्या बरोबर तुम्ही खेळता त्याच्या बरोबर खाणेपिणे करण्यास का कचरता, अशी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या खेळाडूंची कानउघाडणी केली, असे सांगतात. पुढे बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही आरंभी कुरकुर झाली. परंतु मुंबईचे पाणी पुण्याहून पातळ. हळूहळू पंगतीचा प्रतिबंध सुटला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांच्या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंचे आठ बळी होते आणि त्यांचे बंधू शिवराम हेही संघात होते. बंगालच्या फाळणीवरून देश पेटलेला असता मिळालेल्या या विजयाने लोकांस किती हर्ष झाला असेल, याची कल्पना करता येईल. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने तर त्यात राष्ट्राच्या मुक्तीचे एक पाऊल पाहिले, कारण सामना जिंकण्यापूर्वी संघाने आपल्या मनातील एक जुना ग्रह जिंकला होता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने मार खाल्ला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरला. परंतु दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करून बाळूंनी १९ धावांहून कमी सरासरीने ११४ बळी घेतले. त्या उन्हाळ्यात टेलर व बाळू हे दोघेही इंग्लंडच्या भूमीवर होते. त्यांची भेट झाली असती तर दोघांनी एकमेकांस चटकन ओळखले असते असे मला वाटते. गवताची जात, दवाने ओली झालेली माती, वाऱ्याची दिशा या गोष्टी मैदान राखलेल्या माणसास जितक्या कळतात, तितक्या नुसत्या खेळाडूस कळत नाहीत.

परंतु येथून पुढे दोन वाटा फुटतात. टेलर १९३३ मध्ये इंग्लंड-अमेरिका सामन्यात ब्रिटिश संघाचा कर्णधार झाला आणि संघ जिंकला. बाळूंना मात्र हिंदू संघाचे कर्णधारपद कधी लाभले नाही. १९१३ मध्ये कर्णधार नेमलेले एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे म्हटले की, ज्येष्ठता व अनुभव पाहता हा मान बाळूंचा होता. सहकाऱ्याची उदारता होती; अभाव होता तो व्यवस्थेच्या उदारतेचा. पंगतीत बसविण्यास तयार झालेला समाज हुकूम ऐकण्यास तयार नव्हता. आणि येथेच वर्ग व जात यांतील भेद उघड होतो. गरिबी, गावंढळ बोली, मजुराचा सदरा ही वर्गाची चिन्हे मनुष्यास आयुष्यात टाकून देता येतात. जात ही कर्तृत्वाने धुऊन निघत नाही. ती कीर्तीच्याही मागोमाग चालत येते.

आपली भाषाच पाहा. टेलरच्या नावामागे ‘मिस्टर’ नव्हते, तसे बाळूंच्या नावापुढे ना ‘राव’ ना ‘पंत’. पन्नाशी उलटलेला, देशात गाजलेला हा पुरुष सर्वांच्या तोंडी ‘बाळू’च राहिला. जवळिकीने ज्यास आपण बाळू म्हणतो आणि उतरंडीच्या सवयीने ज्यास आपण बाळू म्हणतो, त्यांत उच्चाराचा फरक नाही, अर्थाचा आहे. म्हणून मी येथे मुद्दाम ‘बाळूंनी’, ‘बाळूंना’ असे लिहिले आहे. टेलरला मात्र इंग्रजांच्या रिवाजास धरून मी एकवचनीच ठेवले. त्यास वृद्धापकाळी का होईना, मान मिळाला.

१९२० ची हकीकत या दृष्टीने फार बोधक आहे. कर्णधारपदाच्या नेमणुकीत धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. दीर्घकाळ सोसलेल्या अपमानास शब्द देण्याची ही पहिली वेळ होती. गवगवा झाला, समेट झाला, बाळू उपकर्णधार झाले. आणि सामना चालू असता पै मैदानाबाहेर गेल्याने काही काळ तरी संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी सामने जिंकून दाखविले. त्या वेळी महात्माजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीने लोकमत पालटत होते हे खरे. परंतु बाळूंच्या शेकडो बळींनी वीस वर्षांत जे दार उघडले नाही, ते भावांच्या एका पत्रकानंतर तीन वर्षांत उघडले, हेही तितकेच खरे. टेलरपाशी व्यवसायबंधूंचा संघ होता. बाळूंचा संघ म्हणजे त्यांचे तीन भाऊ. तेवढा लहान संघही एकत्र उभा राहिला तेव्हा फळ आले.

बाळूंच्या उत्तरायुष्याकडे पाहताना मन अस्वस्थ होते. त्यांनी राजकारणात प्रवेश केला. १९३० च्या मार्चमध्ये आमच्या नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांचा सत्याग्रह सुरू झाला. गोल्फ क्लबच्या मैदानापासून ते दार काही फार दूर नाही. पाच वर्षे हजारो स्त्रीपुरुषांनी तेथे मार खाल्ला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. बाळूंची वाट निराळी होती. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. हिंदू समाज आतून बदलेल हा विश्वास त्यांनी सोडला नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५.

ज्याच्या पराक्रमाची गाणी दलित वस्तीने गावीत, त्यानेच त्या वस्तीच्या सर्वांत मोठ्या संघटकाविरुद्ध उभे राहावे, याबद्दल बाळूंस दोष देणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. मैदानात पंगतीचा प्रतिबंध सुटलेला ज्याने प्रत्यक्ष पाहिला, त्याची समाजाच्या शहाणपणावर श्रद्धा बसली तर ते नैसर्गिकच होय. मातीच्या पेल्यापासून चिनी कपापर्यंतचा प्रवास त्याने स्वतः केला होता. परंतु हा प्रवास एका असामान्य गोलंदाजाचा होता. ज्यास चेंडू वळविता येत नाही, त्या लक्षावधी सामान्यांनी काय करावे? आंबेडकरांचा प्रश्न हा होता, आणि टेलरने व्यावसायिकांचा संघ काढला तेव्हा त्याच्याही पुढे हाच प्रश्न होता. विजेत्यास कोठेही पोट भरता येते. संघ लागतो तो जो कधीच जिंकणार नाही त्याला. टेलरने विजेता असूनही न जिंकणाऱ्यांचा विचार केला, म्हणून मी त्यास मोठा मानतो. बाळूंना तसा विचार करण्यास लागणारी भूमीच मिळाली नाही. टेलरच्या पायाखाली गावचे गायरान होते. बाळूंच्या पायाखाली नेहमी दुसऱ्याच्या मालकीची खेळपट्टी.

बाळू १९५५ मध्ये मुंबईस वारले. टेलरने आपले आत्मचरित्र १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. पळवणकरांच्या घरातून विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये मराठीत आले. मैदान झाडणाऱ्या घरांनी स्वतःची हकीकत स्वतः लिहिली, हे दोन्ही देशांचे भाग्य.

हे सारे मी त्या विद्यार्थ्यास दोन-तीन बैठकींत सांगितले. त्यास गोल्फमध्ये रस नव्हता, क्रिकेटमध्ये थोडा होता. त्याचे दैवत कविता राऊत. पेठच्या शेजारील हरसूल भागातल्या सावरपाड्याची ही मुलगी अनवाणी धावू लागली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्यपदक घेऊन आली. ती धावली तेव्हापासून आमच्या डोंगरातील पोरांना वाटते की पाय चांगले असले म्हणजे पुरे. पायांवरचा हा विश्वास मला मोडावयाचा नव्हता.

मी त्यास एवढेच म्हणालो, “पुढल्या वर्षी शर्यतीस जाशील तेव्हा चांगला धाव. परंतु धावून झाल्यावर लगेच एसटी पकडू नकोस. पाणी कोठे ठेवले आहे, ते कोण कोणास देतो, पंचांच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे आणि मैदान कोण झाडीत आहे, हे पाहून ये. मग आपण पुन्हा बोलू.”

तो हसला आणि म्हणाला, “ते मी या वेळीही पाहिले आहे, सर. म्हणून तर विचारले.”